तंबू टाकायचाय, पण कोणाच्या जमिनीत?

सिंधुदुर्गात समुद्राकाठी तंबूत राहायचं असेल तर एका फोनवर काम होतं. गादी, पंखा, रात्री जेवणात सुरमई, सकाळी डॉल्फिन. पूर्वेकडे वळलं, म्हणजे आंबोलीपासून रांगणा किल्ल्यापर्यंतचा जो डोंगर आमच्या गच्चीवरून रोज दिसतो तिकडे, की ही सगळी सरबराई संपते. जंगल भरपूर, दिवाळीपर्यंत पाणीही भरपूर, पण तंबूसाठी म्हणून राखलेली, खिशाला परवडणारी आणि रात्री स्पीकर न वाजणारी जागा विचारायला जा, लोक डोकं खाजवतात.

आम्ही म्हणजे कुडाळातली तीन-चार कुटुंबं. मुलं पाचवी ते नववीतली. त्यांना डोंगराखाली एखादी रात्र काढायला न्यावं, एवढाच बेत. मागणी फार नव्हती. दोन-तीन तंबू मावतील इतकं सपाट, पिण्याचं पाणी, सकाळी बायका-मुलींची गैरसोय होणार नाही अशी आडोशाची सोय, आणि कोणी पडलं-झडलं तर तासाभरात दवाखाना गाठता येईल असा रस्ता. यातली तिसरी अट पुरुष मंडळींनी केलेल्या यादीत नव्हती. ती मी घातली, आणि पुढे तिनेच निम्म्या जागा बाद केल्या.

सुरुवात नकाशावर केली. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० चे नकाशे २०१७ पासून त्यांच्या पोर्टलवरून फुकट उतरवून घेता येतात. त्यात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, २० मीटरच्या अंतराने असतात. या रेषा जिथे एकमेकींपासून लांब सरकतात आणि शेजारून निळी रेघ जाते, तिथे पेन्सिलीने गोल करायचा. युक्ती चांगली आहे, पण तिच्यावर फार विसंबू नये. २० मीटरच्या दोन रेषांच्या मधे काय काय लपू शकतं! कागदावर सपाट मैदान असलेली एक जागा प्रत्यक्षात ट्रकएवढ्या दगडांनी भरलेली निघाली.

मग उपग्रहाची चित्रं. इथे एक गोष्ट उपयोगी पडली, ती म्हणजे चित्र एप्रिल-मेचं बघायचं. पावसाळ्यानंतरच्या चित्रात सगळं कोकण हिरवंगार, त्यातून काही कळत नाही. एप्रिलात डोंगर तांबडा-पिवळा पडतो, आणि त्यात जी हिरवी नागमोडी रेघ उरते तिच्याखाली पाणी असण्याची शक्यता. अडचण फक्त काजूची. काजूच्या बागाही उन्हाळ्यात हिरव्याच असतात. पण काजू ओळीत लावलेला असतो आणि व्हाळ, म्हणजे ओढा, कधी सरळ जात नाही, एवढं लक्षात ठेवलं की फसगत कमी होते.

आता सडा, म्हणजे जांभ्याच्या कातळाचं उघडं पठार. आमच्यातल्या सगळ्यांना आधी सडाच आवडला होता. नजर पोचेल तिथवर सपाट, वर मोकळं आकाश, लांबवर समुद्राची चमक. मेख ठोकायला घेतली की सड्याचा खरा स्वभाव कळतो. जांभ्यात मेख दोन बोटं जाते आणि वाकते. मग दोऱ्या दगडांना बांधाव्या लागतात, आणि दगड उचलायचा तर आधी काठीने उलटवून बघायचा, कारण फुरशाला नेमका तसाच दगड लागतो. फुरसं वीतभर-हातभर लांबीचं, अंग जांभ्याच्याच रंगाचं. नवख्याला दिसतसुद्धा नाही. सरकारी दवाखान्यात मिळणारी लस नाग, मण्यार, घोणस यांच्याबरोबर फुरशाच्या विषावरही चालते हे खरं, पण लस तालुक्याच्या गावात आणि आपण सड्यावर. दगड हलवायच्या आधी त्याखालचा कातळही बघून घ्यावा. मालवण तालुक्यातल्या कुडोपीला कातळावर कोरलेली चित्रं आहेत, आणि कोकणातली अशी कातळशिल्पं २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. अजून न नोंदलेली किती असतील कोण जाणे. त्यावर चूल मांडणारे आपण नसावं.

शिवाय सड्यावर सावली नाही, पाणी नाही. दिवसभर तापलेला कातळ रात्री उशिरापर्यंत खालून शेकत राहतो, आणि पहाटे मतलई वारा सुटला की तोच कातळ गार पडतो. दोन्ही वेळा झोप मोडते. सडा आम्ही सूर्यास्त बघायला ठेवला, झोपायला नाही.

जागा आवडली की पुढचा प्रश्न मालकाचा. बाहेरच्या लोकांना वाटतं, डोंगरातलं जंगल म्हणजे सरकारी. आमच्या कोकणात बरंचसं जंगल मालकीचं आहे. सरकारी राखीव वन त्या मानाने कमी. सातबारा आता ऑनलाइन दिसतो, भू-नकाशावर बोट ठेवून सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर काढता येतो. आम्ही एका व्हाळाकाठच्या तुकड्याचा सातबारा उघडला. नावांची रांग पडद्यावरून खाली सरकतच गेली. चुलत, सावत्र, मयताचे वारस, लग्न होऊन गेलेल्या बहिणी, आणि सगळ्यांपुढे एकच शब्द: सामाईक. निम्मे मुंबईत, काही बडोद्याला. एका रात्रीच्या तंबूसाठी एवढ्या लोकांची संमती घ्यायची तर मुलं तोवर कॉलेजात जातील. अशा वेळी गावात जो प्रत्यक्ष ती जमीन कसतो त्याला विचारायचं असतं, हे आम्हाला तिथल्याच एका भावकीने सांगितलं. कागद मुंबईला असला तरी कोयता गावात असतो.

चौकुळचं प्रकरण आणखी वेगळं. आंबोलीच्या पलीकडचं ते पठार नोव्हेंबरात बघाल तर तंबूसाठीच घडवलंय असं वाटेल. गवत गुडघ्यापर्यंत, माती मऊ, मेख एका ठोक्यात आत. गुरं वळणाऱ्या एका आजोबांना विचारलं, "ही जमीन कोणाची?" ते हसले. म्हणाले, "तेचा उत्तर अजून सरकाराक गावला नाय, तुमका खयसून गावतला?" आंबोली, गेळे, चौकुळ या तिन्ही गावांत सावंतवाडी संस्थानापासूनचा कबुलायतदार-गावकर जमिनीचा प्रश्न आहे. जमीन गावकऱ्यांच्या वहिवाटीची, नोंद शासनाची, आणि वाद पिढ्यांचा. अशा जमिनीवर बाहेरच्या माणसाने तंबू ठोकला की गावाला शंका येते, आणि ती रास्त आहे. आज तंबू, उद्या कंपाउंड, परवा हॉटेल, हा क्रम त्यांनी डोळ्यांनी पाहिलाय. आम्ही मेख उपटली, आजोबांबरोबर पेज प्यायलो आणि परत आलो.

आंबोलीत बारमाही पाणी आणि सपाटी एकत्र मिळते ती हिरण्यकेशीच्या उगमाजवळ. तिथे मात्र विचारायचंही कारण नाही. २०२० मध्ये त्या कुंडातून ‘शिस्टुरा हिरण्यकेशी’ हा नवा मासा शास्त्रज्ञांनी नोंदवला आणि २०२१ मध्ये ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली. साबण, खरकटं, टूथपेस्ट घेऊन तिथे बसणं म्हणजे देवळात चपला घालून शिरणं. आणि आंबोलीत पावसाळ्यात तंबू टाकण्याचा विचार कोणी करत असेल तर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस आणि पायाला चिकटणाऱ्या जळवा यांची एकदा नीट ओळख करून घ्यावी.

राखीव वनात परवानगी मिळते का, हे विचारायला वनखात्याच्या कार्यालयात गेले. अर्ज लिहून नेला होता, सगळ्यांच्या आधारच्या झेरॉक्सही. वनपालांनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि नकाशा टेबलावर पसरला. राखीव वनात परवानगीवाचून शिरणं आणि विस्तव पेटवणं हा १९२७ च्या वन अधिनियमाखाली गुन्हा आहे, हे त्यांनी आधी सांगितलं. मग म्हणाले, "मॅडम, कायदा सोडा. आंबोली-दोडामार्गचा हा पट्टा म्हणजे वाघाची वाट आहे. वर चांदोली-कोयनेचा व्याघ्र प्रकल्प, खाली भीमगड, म्हादई, काळीचं जंगल. मधे एवढा चिंचोळा पट्टा उरलाय. त्यात तुमच्या मुलांना झोपवायची परवानगी मी कशी देऊ?" नकार इतका नीट समजावून दिला की राग आला नाही. उलट हद्द कुठे संपते आणि वाडीची जमीन कुठे सुरू होते ते त्यांनीच पेन्सिलीने दाखवलं. तो नकाशा अजून माझ्याकडे आहे.

तिलारीचा मोह मात्र सुटत नव्हता. धरणाच्या फुगवट्याकाठची सपाटी फोटोत फार देखणी दिसते. पण एक तर त्या भागातलं २९.५३ चौरस किलोमीटर क्षेत्र २०२० पासून संवर्धन राखीव आहे. दुसरं, हत्ती. २००२ च्या सुमारास कर्नाटकातून हत्ती दोडामार्गात उतरले आणि तेव्हापासून माड, केळी, फणस यांच्या बागायतीवर त्यांचा वावर आहे. पाण्याला ते धरणाकाठीच येतात, म्हणजे आपण ज्या सपाटीवर डोळा ठेवून असतो नेमक्या तिथे. चहाच्या टपरीवरच्या माणसाने एका वाक्यात निकाल लावला: "हत्ती तंबूक भियाणा नाय."

तिसरं कारण हत्तीपेक्षा फार लहान, आणि मला जास्त भीती त्याचीच. जानेवारी २०१६ पासून दोडामार्ग तालुक्यात माकडतापाचे रुग्ण सापडू लागले. विषाणू गोचिडीतून माणसात येतो, माकडं त्याने मरतात, आणि हंगाम साधारण डिसेंबर ते मे. म्हणजे बरोबर तंबूचाच हंगाम. काजू गोळा करणारे, पातेरा (वाळका पाला) आणायला रानात जाणारे लोक त्यात जास्त सापडले. झाडाखालचा मऊ पातेरा बघून त्यावर चटई अंथरावीशी वाटते, गोचीड तिथेच असते. त्या पट्ट्यातल्या वाड्यांत अंगाला लावायचं तेल आरोग्य खात्याकडून वाटतात. लोक ते लावून रानात जातात आणि आल्यावर गरम पाण्याने अंघोळ करतात, कपडे वेगळे टाकतात. मोठ्या माणसांनी हे पाळणं जमेल. पाचवीतल्या पोराला पातेऱ्यात लोळू नको म्हणून सांगून बघा. तिलारी आम्ही यादीतून काढली. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता आरोग्य केंद्राला कळवायचं, हे मात्र मुलांना शिकवून ठेवलं.

राहता राहिला माणगाव खोऱ्याचा वरचा भाग: शिवापूर, नारूर, मनोहर-मनसंतोषगडाचा पायथा. १८४४ च्या इंग्रजांविरुद्धच्या बंडात मनोहरगड हे बंडवाल्यांचं मोठं ठाणं होतं. का, ते खालून रान बघितलं की समजतं. आमचं काम जमलं ते याच बाजूला.

इथल्या एका वाडीत व्हाळाच्या कडेला मोठ्या झाडांखाली सावलीची जागा होती. खाली पालापाचोळा कमी, जमीन घट्ट, शेजारी खळाळतं पाणी. आम्ही पिशव्या खाली ठेवतोय तोच एक गृहस्थ काजूतून खाली आले. "कोणाक इचारलास?" आम्ही कोणालाच विचारलं नव्हतं, विचारायला निघालो होतो. "हय नको. ह्या देवाचा रान. हयली सुकी काटकीसुदा कोण उचलणा नाय." राईची हद्द कशी ओळखायची ते त्यांनीच दाखवलं: झाडं एकाएकी जुनी आणि जाड होतात, वेली मांडीएवढ्या, आणि कुऱ्हाडीचा घाव कुठेच नाही. देवराई नकाशावर नसते. सातबारावरही वेगळी लिहिलेली असेलच असं नाही. ती गावाला माहीत असते.

त्यांनी हाकललं नाही, खालच्या मळ्यात नेलं. भात कापून झालेले कुणगे, म्हणजे भातखाचरं. सपाट म्हणावं तर याहून सपाट काय असणार! पण बहुतेकांत कुळीथ पेरला होता, अंकुर वर आलेले. जो रिकामा होता त्यात धसकटं टाचेएवढी. तंबूचा तळ फाटू नये म्हणून आधी ती कोयत्याने जमिनीलगत छाटली, वर गवताचा थर, त्यावर ताडपत्री. मेख अशी बसली की सकाळी काढताना दोघं लागले.

अंधार पडायच्या आधी ते गृहस्थ नारळ घेऊन परत आले. राईच्या दिशेला तोंड करून उभे राहिले आणि आमच्या वतीने गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ही पोरां एक रात तुझ्या आसऱ्याक इली हत... तेंका संभाळ म्हाराजा, इल्या वाटेन सुखरूप धाड म्हाराजा..." प्रत्येक वाक्याला आम्ही "होय म्हाराजा" म्हणायचं. मुलं आधी खुसखुसली, मग तिसऱ्या-चौथ्या "होय म्हाराजा"ला अगदी खड्या आवाजात सामील झाली. माझा राखणदारावर विश्वास आहे का, हा प्रश्न वेगळा. पण त्या नारळानंतर वाडीतल्या प्रत्येक घराला कळलं होतं की मळ्यात कोण आहे, किती आहेत आणि कोणाच्या ओळखीने आहेत. रात्री बॅटरीचा उजेड बघून कोणी काठी घेऊन आलं नाही. बागायतीच्या मुलखात याला फार किंमत आहे.

थंडी मात्र कडाक्याची. डोंगरावरची गार हवा रात्री घळीतून उतरून मळ्यात साचते, त्यामुळे व्हाळाशेजारी वाडीपेक्षा ठळक गारठा. पहाटे तंबूच्या आतून दव टपकत होतं. पुढच्या खेपेला तंबू व्हाळापासून दोन-तीन कुणगे वर घेतला, दोन्ही बाजूंच्या खिडक्या अर्ध्या उघड्या ठेवल्या, आणि बराच फरक पडला. व्हाळाशेजारी न झोपण्याला आणखी एक कारण आहे. डिसेंबरात गावकरी मातीच्या पोत्यांचे कच्चे बंधारे घालतात. काल घोटाभर पाणी होतं तिथे आज मांडीभर असतं. मुलांना आधी सांगून ठेवावं.

दुसरी जमलेली जागा म्हणजे एका काकींचं खळं, घरापुढचं अंगण. यात जंगल कुठे, असं आमच्यातला एकजण कुरकुरला. घरामागून रान सुरूच होतं, रात्री भेकर ओरडलं, सकाळी शेकरू आमच्या डोक्यावरच्या आंब्यावर होतं. याहून जवळ जंगल हवं कशाला? विहीर आहे, संडास आहे, रस्त्याला लागून आहे. अट एकच निघाली. आम्ही मेखा बाहेर काढल्या तशा काकी पदर खोचून पुढे आल्या. "मेखी मारूक देवचंय नाय हां! कालच खळा सारवलंय." बरोबर होतं त्यांचं. चोपून, शेण-मातीने सारवून गुळगुळीत केलेल्या खळ्याला पंधरा-वीस भोकं पाडणार कोण? तंबू आपल्याच काठ्यांवर उभा राहणारा होता, दोऱ्या माटवाच्या खांबांना बांधल्या आणि चारी कोपऱ्यांत आत पाण्याचे कॅन ठेवले. वारा आला तरी हलला नाही. तेव्हापासून तंबू घेताना मेखेशिवाय उभा राहतो का, हे मी दुकानातच विचारते.

पैशांचं म्हणाल तर जागेचं भाडं कोणी मागितलं नाही आणि दिलेलं घेतलंही नाही. जेवणाचे घेतले. तांदळाच्या भाकऱ्या, कुळथाची पिठी, सुक्या जवळ्याची चटणी. माणशी किती ते काकींनीच ठरवलं, आम्ही घासाघीस केली नाही. बागेतला काजू-कोकम विकत घेतला. चूल त्यांच्याच अंगणातली वापरली, मळ्यात पेटवली नाही. फेब्रुवारीपासून गवत असं वाळतं की एका ठिणगीने अख्खा डोंगर जातो, आणि वणवा लागला की गाव आधी काल आलेल्या पाहुण्यांकडेच बघतं. शिमग्यानंतर तर जाऊच नये. व्हाळ आटलेला असतो आणि काजूच्या गडबडीत कोणाला आपल्याकडे बघायलाही वेळ नसतो.

या दोन्ही वाड्यांची नावं आणि लोकेशन मुद्दाम दिलेलं नाही. अलीकडच्या एका कोंडीचा (व्हाळातल्या डोहाचा) फोटो कोणीतरी जागेसकट टाकला आणि पुढच्या रविवारपासून तिथे बाटल्यांचा खच पडू लागला. आता गावाने वाटेवर आडवा बांबू घातलाय. तुम्हाला जायचं असेल तर माणगावच्या पुढे कुठल्याही वाडीत संध्याकाळी चारच्या आत पोचा. चारनंतर पोचलात तर लोक नाही म्हणायला संकोचतात आणि मग दोन्हीकडे अवघडलेपण राहतं.